बेळगावातले सोपे वॉक: रविवारच्या सर्व्हिसचा सविस्तर रिव्ह्यू

ज्यांच्या घरात साठीच्या पुढची माणसं आहेत, गुडघे दुखतात, जिना चढला की दम लागतो, डॉक्टर म्हणतात रोज चाला आणि चालायचं कुठं ते कुणीच सांगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बेळगावात ट्रेकिंगवाले भरपूर आहेत, पाऊस सुरू झाला की चोर्ला, जांबोटी, कणकुंबीकडं गाड्याच्या गाड्या जातात, पण त्यात आमच्या सासूबाईंना कोण नेणार? टिळकवाडीतले एक रिटायर्ड पीटी सर नेतात. ते आणि त्यांचे दोन जुने विद्यार्थी मिळून दर रविवारी सोपे वॉक घेतात, ग्रुपला नाव नाही, ऑफिस नाही, ओळखीतनं ओळख निघते आणि व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. गावाजवळच्या वॉकला 150 रुपये, लांबच्याला ट्रॅक्स जीपचं भाडं धरून 400 च्या आसपास, नाश्ता-चहा त्यातच. आम्ही शहापूरहून जातो, मी आणि सासूबाई ठरलेल्या, कधी दहावीतली मुलगी येते, परीक्षा नसली तर. बरेच महिने जाऊन झालेत म्हणून आता सगळं नीट सांगते, आवडलेलं पण आणि खटकलेलं पण.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. या सरांकडं सगळ्यात सावकाश चालणारा माणूस पुढं असतो. ऐकायला साधं वाटतं पण यातच सगळं आहे. दुसरीकडं काय होतं, दणादण चालणारे पुढं जातात, एखाद्या झाडाखाली थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात, आणि मागनं येणारा बिचारा घामाघूम होऊन तिथं पोचला की म्हणतात "आला काय, चला आता". म्हणजे ज्याला विश्रांती पाहिजे त्याला ती मिळतच नाही आणि ज्याला नको तो बसून घेतो! एकदा असं झालं की तो माणूस परत येत नाही, घरी सांगतो मला जमत नाही. इथं सासूबाई पुढं, त्यांच्या मागं आम्ही सगळे, आणि ज्या तरण्या पोरांना जोरात चालायचंय त्यांना एक विद्यार्थी वेगळा मोठा फेरा मारून आणतो, ते नाश्त्याला येऊन मिळतात. शेवटाला दुसरा विद्यार्थी, पाठीवर सॅक, त्यात फर्स्ट एड, ग्लुकोज, जास्तीचं पाणी आणि हातात एक घडीचं स्टूल. हे स्टूल लै कामाचं आहे. गुडघेवाल्यांना खाली बांधावर बसता येतं पण उठता येत नाही, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळणार.

दम किती लागतोय ते बघायची सरांची पद्धत पण मला पटली. चालताना माणसाशी बोलत राहतात, नातवंडं काय करतात, भाताचं काय झालं, असं काहीपण. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर वेग बरोबर, दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त, लगेच कमी करायचा. डॉक्टरलोकपण हेच सांगतात, यंत्र नको, घड्याळ नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ती एका रविवारी भरत नाहीत हे सर स्वतःच सांगतात, बाकीचे दिवस आपल्या गल्लीत चाला म्हणतात. बीपी, शुगर, हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या हे पहिल्याच फोनवर सांगतात, आणि गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवायला लावतात.

आता जागा. नवीन माणसाला पहिल्यांदा किल्ला तलाव. हे मला आधी काहीच वाटलं नव्हतं, रोज बसमधनं बघतोच की आपण, पण चालायला सुरुवात करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. सगळं सपाट, पायाखाली फरशी, बसायला बाकडी, बाजूला रिक्षा, काही झालं तर पाच मिनिटांत घरी. वर तो 110 मीटरचा ध्वजस्तंभ, त्यामुळं नवीन माणूस चुकत नाही. सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर पाण्यावर बगळे दिसतात, संध्याकाळी मात्र गर्दी, फुगेवाले, भेळवाले, तेव्हा म्हातारी माणसं नेऊ नका. तलावाचा फेरा झाला की ज्यांना जमतंय ते रस्ता ओलांडून किल्ल्यात जातात. किल्ला 1204 मधला, रट्ट राजवटीतला, आतली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, पण त्याच वर्षाची. बस्तीच्या आत उभं राहून वर बघायचं, छताला दगडाचं कमळ लोंबतंय, पाकळ्या 72, जैन मंडळी सांगतात मागचे, आत्ताचे आणि पुढचे 24-24 तीर्थंकर धरून 72. आमच्या सासूबाई आयुष्य बेळगावात काढूनसुद्धा आत पहिल्यांदा गेल्या. पुढं सफा मशीद आहे, रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावला आले होते त्यातले काही दिवस याच किल्ल्यात राहिले होते. सर हे सगळं थांबून सांगतात, त्या निमित्तानं माणसांना विश्रांती पण होते. बराचसा किल्ला मिलिटरीकडं आहे, कुठं फोटो काढायचे नाहीत ते आधीच सांगतात, तेवढं ऐका.

पण खरी मजा राकसकोपला. शहराच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटर, मार्कंडेय नदीवरचं धरण, आपल्या नळाला येणारं पाणी हिडकलबरोबर इथलंच. बिजगर्णी, बेळवट्टी अशी गावं मागं टाकत जायचं, घाटाकडनं येणारा गार वारा इथंच अंगाला लागतो, शहरात उकडत असलं तरी. धरणाच्या भिंतीवर सर नेत नाहीत, गावाच्या अंगानं, शेतांच्या कडेनं, पाण्याच्या बाजूबाजूनं जाणारी जी लाल मातीची गाडीवाट आहे ना, तिथनं नेतात. चढ म्हणाल तर नावाला. ही माती पावसानंतर लवकर निचरते, दोन दिवस उघडीप मिळाली की बूट चांगले राहतात. एका बाजूला काजूची झाडं, एका बाजूला रताळ्याचं रान, आणि मधनंच झाडी संपली की समोर एकदम पाणीच पाणी. पलीकडं तुडये, म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका. इथं वाटेला सीमा कुठं कळते, बोर्डावरची अक्षरं बदलली की कळते, बाकी माती तीच, रताळी तीच, माणसं एकमेकांच्यात सोयरीक केलेली.

रताळ्याच्या काढणीच्या दिवसात गेलात तर नशीब समजा. आम्ही गेलो तेव्हा नांगर फिरवलेल्या सरीतनं बायका ओळीनं बसून रताळी वेचत होत्या, वेलाचा गुंता एका हातानं मागं ओढायचा, दुसऱ्या हातानं माती झटकायची, मोठी एका पोत्यात, बारकी आणि नांगराचा फाळ लागून चिरलेली दुसरीकडं. गुलाबी सालीवर ओली लाल माती, आणि चिरलेल्या जागेतनं पांढरा चीक येत होता. सासूबाई स्टुलावर बसल्या आणि त्या बायकांशी अशा बोलायला लागल्या की वीस मिनिटं गेली, भाव काय लागला, यंदा पाऊस कसा, लेक कुठं दिली. कोणी घाई केली नाही. सर पण बांधावर बसले. शेवटी तो विद्यार्थी म्हणाला, "काकू, थकलासा काय? गाडी इकडंच बोलवू?" तर ह्या म्हणाल्या, "मी कुठं दमलो, चला की ओ पुढं." पदरात बारकी रताळी घेऊनच उठल्या, पैसे द्यायला गेलो तर त्या बायकांनी घेतले नाहीत.

पक्षी बघायचे असतील तर दुर्बीण घ्या, पाण्यातल्या वठलेल्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात, खंड्या असतो, टिटवी तर माणूस दिसला की ओरडतेच. टिटवी ओरडत डोक्यावर फिरायला लागली तर तिची अंडी जवळ असतात, उघड्यावर जमिनीवरच घालते, अशा वेळी सर सगळ्यांना दुसऱ्या बाजूनं वळवतात. पाण्यात कुणी उतरायचं नाही हा नियम कडक. पाय पण बुडवायचे नाहीत. एका रविवारी कुणाचे तरी पाहुणे हट्ट करत होते तर त्यांना सरळ सांगितलं, हे लोकांच्या प्यायचं पाणी आहे आणि कडेचा गाळ कुठं खचेल ते दिसत नाही. मला हे फार बरं वाटलं. पावसाळ्यात धरणांवर, धबधब्यांवर काय काय होतं ते दरवर्षी पेपरात वाचतोच आपण. खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं तरी लोक चोरवाटेनं जातात. सर ते वॉक घेतच नाहीत, कितीही लोकांनी म्हटलं तरी.

येळ्ळूरचा वॉक वेगळ्या चवीचा. जुनं बेळगाव, वडगाव, धामणे, येळ्ळूर हा सगळा भाताचा पट्टा, बेळगाव बासमतीचा, आणि भात निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, लागला की सकाळच्या दवात त्या वासानंच माणूस चालत राहतो, खोटं नाही सांगत. भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. बांधावरनं चालताना मात्र जपून, इथली जमीन काळी, चिकट, थोडा पाऊस झाला तरी बुटाला चिखल चिकटून पाय उचलत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या आधी म्हाताऱ्या माणसांना इकडं आणू नका. ज्यांना तोल सांभाळायला अवघड जातं त्यांना बांधावर न नेता बैलगाडीच्या वाटेनंच नेतात, ते बरोबर आहे. हलगा-मच्छे बायपास याच शिवारातनं काढलाय, जुन्या पाणंदी तुटत चालल्यात, आमच्या सासूबाईंचं माहेर धामण्याचं, त्यांना लहानपणीची वाट सापडेना. या वाटा आहेत तोवर पोरांना दाखवून घ्या असं मला मनापासून वाटतं.

येळ्ळूरजवळच राजहंसगड. इथं सरांचं डोकं कसं चालतं ते बघा. वरपर्यंत रस्ता आहे, गाडी जाते. सगळ्यांना वाटतं चढताना गाडीनं जाऊ आणि उतरताना चालत येऊ, उतार म्हणजे सोपं. गुडघेदुखीवाल्यांना उलट असतं, उतरताना शरीराचं सगळं वजन गुडघ्यावर येतं, दुसऱ्या दिवशी पाय सुजतो. म्हणून सर गुडघेवाल्यांना जाता-येता दोन्हीकडं गाडीतच बसवतात आणि वर गडावर सपाटीला तटाच्या कडेनं फिरवतात, सिद्धेश्वराचं देऊळ, शिवाजी महाराजांचा पुतळा, चारी बाजूची शिवारं. दम चांगला आणि गुडघे पण चांगले असतील त्यांनी खालनं चालत चढायचं. एकाच जागी दोन तऱ्हेची माणसं दोन तऱ्हेनं फिरली आणि नाश्त्याला एकत्र बसली, याला मी सोय म्हणते. तटाच्या कडेला मात्र लहान पोरांचा हात सोडू नका.

असोगा पण छान, खानापूरपासून जवळ, मलप्रभेच्या काठावर रामलिंगाचं देऊळ, झाडी, दगडी घाट, पण चालणं तसं कमीच, बसणं जास्त. ज्यांना नुसतं बाहेर पडायचंय त्यांना चालेल. खानापूरपर्यंत रेल्वेनं गेलो तेव्हा म्हातारी मंडळी लै खूश होती. पावसाळ्यात नदीला पाणी चढतं तेव्हा जाऊ नये. उचगावच्या मळेकरणी देवीच्या आमराईत सावली भरपूर, फक्त मंगळवार-शुक्रवारी यात्रेची गर्दी, रविवारी त्या मानानं शांत, असं सर म्हणतात आणि आम्हाला तसंच दिसलं.

हिडकलचा वॉक सरसकट सगळ्यांसाठी नाही, हे मी स्पष्ट सांगते. घटप्रभेवरचं मोठं धरण, 51 टीएमसीचं, उन्हाळ्याच्या शेवटाला पाणी मागं हटलं की हुन्नूरचं पाण्यात गेलेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, ते बघायला जायचं. दर्शन मिळालं तेव्हा सगळ्यांचे डोळे भरले, पण वाट म्हणजे धरणाचं उघडं पात्र, भेगाळलेली जमीन, सावली शून्य. मेसेजमध्ये "सोपा" लिहिलं होतं आणि एका काकांना चक्कर आली. नंतर ते ठीक झाले, तरी अंतर कमी आणि चढ नाही म्हणून वॉक सोपा होत नाही, ऊन पण धरायला पाहिजे. मी सरांना हे बोलले. पुढच्या वेळी पहाटे पाचला पोचायचं आणि छत्री कंपल्सरी असं ठरलंय.

आता बाकीच्या तक्रारी. पहिली, अंतर. मेसेजमध्ये "3 किमी" असतं आणि मोबाईलवर मोजलं तर जाऊन-येऊन सहाच्या आसपास भरतं, कारण सर एकेरी लिहितात. धडधाकट माणसाला फरक पडत नाही, पण मोजून चालणाऱ्याला फार पडतो, कृपया जाऊन-येऊन लिहा. दुसरी, मेसेज शनिवारी रात्री दहाला येतो, म्हातारी माणसं नऊला झोपतात, आम्हा बायकांना डबा-पाण्याची तयारी करायची असते, शुक्रवारी आला तर किती बरं होईल. तिसरी आणि सगळ्यात मोठी, बाथरूम. किल्ल्याला अडचण नाही. राकसकोपकडं गावातल्या एका घरी सरांनी सांगून ठेवलंय, ती माऊली कधी नाही म्हणत नाही, पण ते वाटेच्या सुरुवातीला, नंतर दीड-दोन तास काहीच नाही. शुगरवाल्यांना, वयस्कर बायकांना हे जमत नाही, आणि मग त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, जे आणखी वाईट. माझ्या ओळखीच्या दोघी निव्वळ याच कारणानं यायच्या बंद झाल्या. परतीच्या टोकाला आणखी एक घर बघून ठेवायला पाहिजे, घरमालकिणीला पैसे द्यायचे असले तर आम्ही सगळे वर्गणी देऊ.

नाश्त्याबद्दल, पोहे, चहा चांगले, मिरची भजी पण असतात आणि गरम असतात म्हणून सगळे खातात, पण बीपीवाल्यांसाठी इडली ठेवा असं आम्ही सांगितलंय. कुणाचा वाढदिवस असला की कुंदा येतो, तेव्हा शुगरवाल्यांकडं लक्ष ठेवावं लागतं! पावती मिळत नाही. पाऊस आला म्हणून कॅन्सल झालं तर पैसे पुढच्या रविवारला धरतात, परत मागितले तर परत पण देतात, आम्हाला दिलेत.

सासूबाईंचं म्हणाल तर सुरुवातीला किल्ला तलावाचा एक फेरा करताना दोनदा बसायच्या, आता राकसकोपची वाट एकदाच स्टूल मागून करतात. औषधं तीच आहेत, गुडघा काही नवा झालेला नाही, पण रविवारी माझ्या आधी उठून तयार असतात आणि मंगळवारपासूनच विचारतात की या वेळी कुठं. कन्नड बोलणाऱ्या एक अक्का त्यांच्या मैत्रीण झाल्यात, दोघी अर्धं मराठी अर्धं कन्नड करत सगळ्यांच्या पुढं चालतात.

यायचं असेल तर बायकांनी आधार कार्ड ठेवा, शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळं सीबीटीवरनं, म्हणजे मुख्य बसस्टँडवरनं, जवळच्या वॉकला बसनं गेलं की ट्रॅक्सचे पैसे वाचतात, सरांना सांगितलं तर ते तेवढे कमी घेतात. नवीन बूट घालून पहिल्यांदा येऊ नका, घरात आठ दिवस वापरा मग या. काठी लागत असेल तर लाजू नका, रबरी टोक झिजलंय का तेवढं बघा, लाल मातीवर झिजलेलं टोक सटकतं. पाणी एक लिटर स्वतःचं. राकसकोप, खानापूर बाजूला गव्यांचा वावर असतो, भल्या पहाटे किंवा अंधार पडताना एकट्यानं त्या वाटेला जाऊ नका, ग्रुपबरोबर उजाडल्यावर जा. आणि पहिला फोन कराल तेव्हा आपलं दुखणं खरं खरं सांगा, कुठला गुडघा, किती जिने चढता येतात, मधे बसावं लागतं का, कारण सर त्यावरनंच ठरवतात की तुम्हाला किल्ल्याला बोलवायचं की राकसकोपला.